बीएस्सी केल्याचा पुढे कामात खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे, शिकलेलं पुढे कामाला येतं की तीन वर्षं फुकट गेली. मी पुण्यातच जिऑलॉजी म्हणजे भूगर्भशास्त्र केलंय आणि आता पुरंदर तालुक्यात विहिरींच्या सर्व्हेचं काम करते, म्हणून सांगते.

उपयोग होतो, पण वाटलं होतं तिथे नाही. पाठ केलेली खनिजांची सूत्रं निम्मी विसरले. पण दुसऱ्या वर्षाला सरांनी वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत नेलं होतं आणि म्हणाले हातोडी बॅगेतच ठेवा, आधी अर्धा तास नुसतं बघा आणि दिसेल ते वहीत काढा. ऊन मरणाचं, सगळे वैतागलेलो, पण तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं की टेकडी म्हणजे लाव्हाचे थर आहेत एकावर एक, कुठे घट्ट काळा पाषाण तर कुठे भोकाभोकांचा, पांढरे ठिपके भरलेला. आज विहिरीत डोकावते तेव्हा तेच शोधते, कारण घट्ट पाषाणाला भेगाच नसतील तर कितीही खोल जा, पाणी लागत नाही.

माणसांशी बोलणं मात्र कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पहिल्याच महिन्यात एका शेतकरी काकांना मी ॲमिग्डॅलॉइडल बेसाल्ट (म्हणजे तोच पांढऱ्या ठिपक्यांचा पाषाण) वगैरे सांगत बसले, ते शांतपणे म्हणाले, "मांजऱ्या म्हणा की ताई." मग मोटर किती तास चालते, उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत उतरतं हे विचारायला शिकले, आणि खरी माहिती तिथूनच मिळायला लागली.

आता नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, तर प्लीज ओळखीच्या ऑफिसातून नुसतं सर्टिफिकेट आणू नका. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, राज्याच्या भूजल सर्वेक्षणचं मुख्य ऑफिस आहे, सरांना मध्ये घालून विचारा, दोन ठिकाणी नाही म्हणतील तरी विचारा.

आणि प्रॅक्टिकलचं जर्नल दुसऱ्याचं उतरवू नका, रीडिंग स्वतः घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. गेल्या मे महिन्यात एका विहिरीची पातळी दोन दिवसांत चार फूट वर आलेली दिसली, ऐन उन्हाळ्यात. बरोबरचा मुलगा म्हणाला चुकलं असेल, जुना आकडा टाकू. मी परत जाऊन टेप सोडली, आकडा तोच. चौकशी केली तर मोटर जळाली होती, दोन दिवस उपसाच बंद होता, आणि त्यावरूनच कळलं की त्या विहिरीला झरे अजून चांगले आहेत.