इस्रायलव्याप्त वेस्ट बँकमधल्या क्फार एत्झिओन या ज्यू वसाहतीचं नाव बायबलमधून घेतलं आहे का?

नाही, ते जमीन विकत घेणाऱ्या माणसाच्या आडनावावरून आलं. श्मुएल होल्त्झमन यांनी १९३० च्या दशकात हेब्रॉनच्या उत्तरेकडच्या डोंगरात ही जमीन घेतली. जर्मन ‘होल्त्झ’ म्हणजे लाकूड, त्याला हिब्रूत ‘एत्झ’, त्यावरून ‘एत्झिओन’. ‘क्फार’ म्हणजे गाव. बायबलमधलं एत्झिओन-गेबेर पार दक्षिणेला तांबड्या समुद्रावर आहे, त्याचा इथे संबंध नाही.

मात्र ‘स्थापना कधी?’ याला दोन उत्तरं आहेत. १९४३ साली वसलेला किब्बुत्झ (सामूहिक शेतीवर चालणारं ज्यू गाव) मे १९४८ मध्ये अरब लीजनच्या, म्हणजे जॉर्डनच्या सैन्याच्या, हल्ल्यात पडला, बहुतेक रक्षक मारले गेले. सप्टेंबर १९६७ मध्ये तिथल्याच, तोवर मोठ्या झालेल्या मुलांनी तो पुन्हा वसवला. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार ही वसाहत बेकायदा मानली जाते. इस्रायलला ते मान्य नाही.