प्राण्यांच्या पेशींची उत्क्रांती आणि जीनोमचं नियंत्रण या विषयात पीएचडी म्हणजे नेमकं काय शोधतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए एकच असतो, मग पेशींच्या उत्क्रांतीत शोधायचं काय? आणि एमएस्सी झूऑलॉजीनंतर हा विषय घ्यावा का? मी याच विषयात पीएचडी करतेय, त्यामुळे पहिलीवर जरा सविस्तर लिहिते.

डीएनए एकच, पण मेंदूच्या पेशीत चालू असलेली जनुकं वेगळी आणि त्वचेच्या पेशीत चालू असलेली वेगळी. कुठलं जनुक कधी चालू व्हावं हे डीएनएचे काही तुकडे आणि त्यांवर येऊन बसणारी प्रथिनं ठरवतात. नव्या प्रकारची पेशी कशी घडली हे कळायला या नियंत्रणात कधी, काय बदललं ते शोधावं लागतं.

माझा प्राणी नेमाटोस्टेला. खाडीच्या मचूळ पाण्यात, चिखलात राहणारं काही सेंटिमीटरचं समुद्रफूल. 2007 मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला तेव्हा सुमारे 18,000 जनुकं मोजली गेली, आणि जनुकांची ठेवण फळमाशीपेक्षा माणसाशी जास्त जुळणारी निघाली. एवढ्या साध्या प्राण्यात! म्हणजे नुसती जनुकं मोजून प्राण्यांमधला फरक उलगडत नाही.

आता दंशपेशी बघा. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल हे जेलीफिशसारखे निळे प्राणी येतात आणि लोकांना डंख बसतात, ते याच पेशींमुळे. पेशीच्या आत एक कुपी, कुपीत गुंडाळलेली नळी. स्पर्श झाला की नळी झपकन बाहेर येते. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्यात हे 700 नॅनोसेकंदांत घडतं असं 2006 मध्ये मोजलं गेलं. अशी पेशी फक्त समुद्रफुलं, जेलीफिश, पोवळी, हायड्रा यांच्या गटातच आहे. मग ती आली कुठून?

नेमाटोस्टेलात चेतापेशी आणि दंशपेशी एकाच मूळपेशीतून तयार होतात. 2022 मध्ये लेस्ली बॅबोनिस आणि मार्क मार्टिंडेल यांच्या गटाने झेडएनएफ845 नावाचं एक जनुक दाबून पाहिलं, तर दंशपेशी व्हायच्या त्या पेशी चेतापेशी झाल्या. म्हणजे या जनुकाचं काम चेतापेशी होण्याची जुनी वाट बंद ठेवण्याचं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पेशीच्या इतिहासातला एक सांधा तो थेट दाखवतो.

रोजचं काम असं: प्राण्याच्या पेशी सुट्या करायच्या, प्रत्येक पेशीतल्या आरएनएला (चालू जनुकांच्या नकलांना) वेगळी खूण लावायची, सीक्वेन्सिंग करायचं म्हणजे त्या नकला वाचायच्या, आणि सारख्या पेशींचे गट संगणकावर पाडायचे. दंशपेशींच्या कुप्या सुट्या करतानाच फुटतात, त्यामुळे तिथे हात जपून चालवावा लागतो. नंतर कुठल्या पेशीत डीएनएचा कुठला भाग उघडा आहे ते पाहायचं. 2018 मध्ये अर्नाऊ सेबे-पेद्रोस आणि सहकाऱ्यांनी नेमाटोस्टेलाचा असा पहिला मोठा पेशी-नकाशा काढला.

सध्या सगळ्यात गरम प्रश्न म्हणजे जनुकापासून लांब बसलेले स्विच, म्हणजे जनुक चालू-बंद करणारे ते डीएनएचे तुकडे, कधी आले. कॅप्सास्पोरा हा प्राण्यांचा एकपेशीय नातलग. त्याच्यात असे लांबचे स्विच 2016 च्या अभ्यासात आढळले नाहीत. उलट कॉम्ब जेली या, प्राण्यांच्या वंशवृक्षात फार लवकर वेगळ्या झालेल्या समुद्री प्राण्यांमध्ये डीएनएचे एकमेकांपासून लांबचे भाग जवळ आणणारे हजारो फास 2025 मध्ये दिसले. म्हणजे ही सोय प्राण्यांच्या अगदी आरंभीची असावी.

विषय घ्यावा का? आर किंवा पायथन या संगणकभाषांमध्ये दिवसचे दिवस बसायची तयारी असेल तर जरूर घ्या. नुसती प्राण्यांची आवड असेल तर हे काम जड जाईल. आधी 2018 चा तो डेटा उतरवून घ्या, खुला आहे, आणि दंशपेशींचा गट स्वतः शोधून बघा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि आयसर या दोन्ही ठिकाणी हायड्रावर काम झालं आहे, तेव्हा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तिथे आत्ताच ईमेल टाका.