व्हीललॉक (चाक फिरून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या) पिस्तुलाची बार उडणारी प्रतिकृती कुठे मिळेल?
तयार सहसा मिळत नाही. कारागिराकडून बनवून घ्या, नाहीतर अमेरिकेतल्या 'द रायफल शॉप'कडून ओतीव सुट्या भागांचा संच मागवून जुळवा. फ्लिंटलॉक (गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी) पिस्तुलं कारखान्यात निघतात, पण व्हीललॉकमध्ये चाक, साखळी आणि जाड स्प्रिंग एकमेकांना हाताने घासून बसवावी लागतात, म्हणूनच किंमत चढते. स्पेनच्या 'डेनिक्स'ची स्वस्त पिस्तुलं भिंतीवर टांगण्यापुरतीच. चाकावर टेकणाऱ्या जबड्यात गारगोटी नको, ती चाक खाते, पायराइट (ठिणगी देणारं खनिज) लावा. पायराइट ठिसूळ, त्याचा भुगा दारूच्या काजळीत मिसळून चाकाच्या फटीत बसतो आणि चाक अडतं, तेव्हा अधूनमधून पुसत राहा. चावी देऊन तासन्‌तास ठेवू नका, स्प्रिंग मरते. भारतात मात्र चालू प्रतिकृतीलाही शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. आधी परवाना, मग खरेदी.