तारखा छापणं बंद करू नका, मॅडम. आधी अर्जाची पोहोच घ्या

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाशिकच्या सिडकोतली अनुदानित माध्यमिक शाळा, दर महिन्याचं शालेय बातमीपत्र या वर्षी तुमच्याकडे आलेलं, मैदानामुळे क्रीडास्पर्धांची तारीख दोन वेळा बदललेली, आणि पालकांच्या ग्रुपवर बोलणी खाल्ली ती तुम्ही. शेवटी तुम्ही विचारलंय की येणाऱ्या कार्यक्रमांच्या तारखा देणंच बंद करावं आणि फक्त झालेल्या कार्यक्रमांच्या बातम्या द्याव्यात का.

मी नाशिकमधल्याच एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. निवृत्त होईपर्यंत बातमीपत्राचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही लिहिलंय ते जवळजवळ शब्दशः आमच्याकडे घडलेलं आहे, म्हणून राहवलं नाही. माझं उत्तर स्पष्ट आहे: तारखा बंद करू नका. झालेल्या बातम्या एक वेळ कमी करा. पालकाला त्या पानातून जे हवं असतं ते तारखाच असतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बापाला सुट्टी आधी टाकावी लागते. घरकामाला जाणाऱ्या आईला चार घरी आधी सांगून ठेवावं लागतं. दिंडोरी-निफाडकडच्या घरांत जानेवारीनंतर द्राक्षाची काढणी सुरू झाली की माणूस बागेतून हलू शकत नाही. पोरगी रिले धावणार आहे हे त्यांना आठवडाभर आधी कळलं तर ते येतात, आदल्या रात्री कळलं तर येत नाहीत. इतका साधा हिशोब आहे.

बातमीपत्र कसं मांडायचं, फॉन्ट कुठला, मथळा कसा, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला येतंच. आमचं जे सगळ्यात जास्त नुकसान झालं त्याबद्दल बोलतो.

आमच्या शाळेला स्वतःचं मोठं मैदान नव्हतं. वार्षिक क्रीडास्पर्धा जवळच्या एका मैदानावर व्हायच्या आणि ते मैदान एका कार्यालयाच्या ताब्यात होतं. नाव घेत नाही. नाशिकमध्ये मैदानं वेगवेगळ्या खात्यांकडे, संस्थांकडे आहेत, त्यामुळे अंदाजही बांधू नका. रीतसर अर्ज दिला, मुख्याध्यापकांच्या सहीचा, शिक्क्याचा. टेबलावरच्या माणसाने तो घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाला, "सर, तारीख तुमचीच धरा." अर्ज मिळाल्याची पोहोच मागितली तर आवक लिपिक रजेवर. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या खेपेला फाइल 'वर' गेलेली. वर म्हणजे कुठल्या टेबलावर, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. पण प्रत्येक वेळी वाक्य तेच, तारीख तुमचीच धरा. त्या भरवशावर बातमीपत्रात तारीख छापली गेली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी क्रीडाशिक्षक पांढऱ्या फक्कीने उरलेल्या लेन आखायला गेले तर मैदानाच्या मधोमध मंडपवाले पहारीने खड्डे घेत होते. आदल्या संध्याकाळी शंभर मीटरच्या चार लेन आखून झालेल्या होत्या, त्याच लेनवर बांबू उभे राहत होते. कसलंसं प्रदर्शन होतं आणि त्याचं लेखी परवानगीपत्र मंडपवाल्याच्या खिशात होतं. आमच्याकडे काहीच नव्हतं. आठ वाजता पोरं आली, कुणी नवे कॅनव्हास घातलेले, कुणी अनवाणी. नऊ वाजता पालक यायला लागले. त्यांत रात्रपाळी करून थेट आलेला एक माणूस होता, हातात जेवणाचा डबा तसाच. त्याने मला एवढंच विचारलं, "गुरुजी, मग मी झोपायला जाऊ का?" त्याच्यावर मी काय बोलणार होतो?

कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं की तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. आवक नोंदवहीत नोंद नाही, म्हणजे अर्ज नाही. ज्याने हाताने घेतला तो माणूस समोर बसलेला होता, तो खाली बघत राहिला. मला आजही त्या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. दहावीच्या मुलांची ती शाळेतली शेवटची क्रीडास्पर्धा होती. पुढे सराव परीक्षा लागल्या आणि ती राहूनच गेली. पैसे कुणाचे बुडाले नाहीत, पण पुढचं वर्षभर आम्ही कुठलीही तारीख छापली की पालक फोन करून विचारायचे, "नक्की ना सर?" तुमच्याही पालकांचं आता तेच होणार. त्यांच्यावर रागावू नका.

सरकारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असा २००५ चा कायदा महाराष्ट्रात आहे. दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो, कलम १०. तो कागदावर आहे हे माहीत असावं, अर्जात नम्रपणे त्याचा उल्लेखही करावा. माहिती अधिकाराचा अर्जही टाकता येतो, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तोवर तुमचा डिसेंबर संपलेला असतो. म्हणून माझ्या मते खरा उपाय एकच आहे: अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडायचं नाही. लिपिक रजेवर असेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती फाइलला लावा, आणि त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ईमेलवरून तोच अर्ज पाठवा. शिपायाला नुसता कागद देऊन पाठवू नका. तो बिचारा देऊन येतो, पण शिक्क्यासाठी हट्ट धरण्याचं बळ त्याच्याकडे नसतं.

बातमीपत्रात प्रत्येक तारखेपुढे तिची अवस्था लिहा. आम्ही त्या प्रसंगानंतर दोनच शिक्के ठेवले: 'नक्की' आणि 'परवानगी बाकी'. लेखी पत्र शाळेच्या फाइलमध्ये लागलं की 'नक्की', तोवर कुणीही कितीही ठामपणे सांगू दे, 'परवानगी बाकी'. मुख्याध्यापकांना सुरुवातीला हे आवडलं नाही, शाळेची अब्रू जाते म्हणाले. उलट झालं. परवानगी बाकी आहे हे वाचून पालक-शिक्षक संघातले दोघे आपण होऊन पाठपुरावा करायला आमच्याबरोबर आले. कार्यालयात शिक्षक एकटा गेला आणि बरोबर पालक असले, यात फार फरक पडतो. तारीख बदलली तर जुनी तारीख खोडलेली दिसू द्या, शेजारी नवी द्या आणि कारण एका ओळीत. 'काही अपरिहार्य कारणास्तव' असं लिहू नका. मैदान मिळालं नाही तर मैदान मिळालं नाही असंच लिहा.

सहलीलाही हेच लागू. एसटीकडून शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, पण गाड्या आगाराकडे आधी मागाव्या लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा मागतात. परवानगीचं पत्र आणि आगाराची पावती, दोन्ही हातात आल्यावरच 'नक्की' लिहा. जाता जाता, पोस्टमध्ये तुम्ही सहलीला दूर जायचं म्हणताय ते मला पटलं नाही. आपल्या जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर आहे, २०२० मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण. थंडीत तिथे पक्षी येतात, एका दिवसात मुलं घरी परत येतात, खर्चही कमी. पांडवलेणी आणि खाली फाळके स्मारक तर शहरातच. नववीच्या मुलाने लेण्यांतले शिलालेख एकदा जवळून पाहिले की सातवाहन त्याला वेगळे पाठ करावे लागत नाहीत. हे माझं मत, तुमच्याकडे पालकांचा आग्रह वेगळा असेल.

आता कुठल्या तारखांना जागा द्यायची. पहिला मान शेवटच्या तारखांना. स्नेहसंमेलन चुकलं तर पोर रडेल, पण एनएमएमएस शिष्यवृत्तीचा अर्ज चुकला तर घरचे पैसे जातात. आठवीच्या मुलासाठी ही परीक्षा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. सिडकोतल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला ही रक्कम किती मोठी आहे ते तुम्हाला सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला काढायलाच दिवस जातात, म्हणून अर्जाच्या तारखेच्या एक अंक आधीच 'दाखला काढून ठेवा' असं छापा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि खेळाचे दहावीचे वाढीव गुण यांचंही तसंच. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, प्रमाणपत्राची प्रत मात्र घरातून यावी लागते आणि ती घरात वेळेवर सापडत नाही.

दुसरं, एकमेकांवर आदळणाऱ्या तारखा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि नाशिकच्या शाळेने तो मनापासून करायलाच हवा. पण दहावीची लेखी परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला सुरू झाली, २०२६ मध्ये २० फेब्रुवारीला. तुमची शाळा परीक्षा केंद्र असेल तर त्या दिवशी सभागृह, बाकं, शिक्षक काहीच हाती नसतं. आम्ही काव्यवाचन जानेवारीतच उरकायचो आणि २७ तारखेला परिपाठात फक्त एक कविता. सिंहस्थ कुंभमेळ्याकडेही आत्तापासून लक्ष ठेवा. अमृतस्नानाच्या तारखा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ अशा जाहीर झालेल्या आहेत, सगळ्या भर शाळेच्या सत्रात. गर्दीच्या काळात मोकळी मैदानं वाहनतळाला जातील असं धरूनच चला आणि त्या वर्षीचे मैदानी कार्यक्रम त्या दिवसांच्या आसपास ठेवू नका.

झालेल्या कार्यक्रमांच्या बातम्या मुलांना लिहू द्या. शिक्षकांनी लिहिलं की 'मोठ्या उत्साहात संपन्न झाला' आणि खाली मान्यवरांची यादी. आमच्या नववीतल्या एका मुलीने आंतरवर्गीय खो-खोची बातमी लिहिली होती: 'खुंटाला वळसा घालताना दहावी ब ची रेश्मा घसरली, गुडघा फुटला, तरी उठून खो दिला.' (नाव मी बदललंय.) ती बातमी रेश्माच्या आजीने कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवली. शुद्धलेखन तपासा, वाक्यं मात्र बदलू नका. फक्त एक सांभाळा: मुलाचा फोटो, पूर्ण नाव, तुकडी आणि राहण्याचा भाग हे सगळं एकत्र कधी देऊ नका, आणि फोटोसाठी जूनमध्येच पालकांची लेखी संमती घेऊन ठेवा. ग्रुपवर गेलेलं पान कुठवर जातं याला धरबंध नाही. प्रत्येक अंकाच्या तळाशी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आणि सखी सावित्री समितीची (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) तक्रारपेटी कुठे आहे ते कायम छापा. जागा नसेल तर पाहुण्यांचा फोटो काढा.

ग्रुपवर पीडीएफ टाकू नका. बऱ्याच पालकांच्या फोनवर ती उघडत नाही किंवा ते उघडत नाहीत. तारखांचं एकच पान, मोठ्या अक्षरात, चित्र म्हणून टाका. तोच कागद फाटकाशी काचेच्या फलकात लावा, परिपाठात वाचून घ्या आणि एक प्रत रिक्षावाल्या-व्हॅनवाल्या काकांना द्या. हे मी आवर्जून सांगतोय. कधी शाळा अर्धी आहे, कधी उशिरा सुटणार आहे, हे त्यांना माहीत नसलं की पोरं फाटकाबाहेर उन्हात उभी राहतात. शिवाय काका रोज दारात जातात, आजी-आजोबांशी बोलतात, आणि शाळेची बातमी घरात तेच पोहोचवतात.

हे सगळं मी राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेच्या अनुभवावरून सांगितलं. सीबीएसईवाल्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. सहलीचे नियम, शिष्यवृत्तीच्या अटी परिपत्रकांनी बदलत राहतात, तेव्हा छापण्याआधी चालू वर्षाचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

तुमच्या क्रीडास्पर्धांचं मात्र या आठवड्यातच करा. तिसरी तारीख ठरवण्याआधी नवा अर्ज लिहा, त्यात आधीच्या दोन्ही तारखा आणि त्या का बदलल्या ते घाला, खाली पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षांचीही सही घ्या आणि शिक्का मारून आणा. पत्र येईपर्यंत पालकांना 'परवानगी बाकी' एवढंच कळवा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, माझ्याकडे जुना आहे, तारखा बदलून देतो.