स्पॅनिशचं ‘तेनेर’ आणि आपलं ‘मला’

प्रश्न : कोशात ‘तेनेर’ म्हणजे ‘जवळ असणे’ असं दिलंय. मग ‘मला भूक लागली’ आणि ‘मला जावं लागेल’ या दोन्हींत तेच क्रियापद कसं येतं? याचे एकूण किती अर्थ पाठ करायचे?

उत्तर : अर्थांची यादी पाठ करू नका, वाक्याची मांडणी बदलायला शिका. ‘तेनेर’ हे लॅटिनमधल्या ‘तेनेरे’पासून, म्हणजे ‘धरणे’पासून आलं. आजही वस्तू हातात देताना स्पॅनिश माणूस ‘तेन’ म्हणतो, आपण ‘धर’ म्हणतो तसं.

मराठीत मालकी, नातं, भूक, सक्ती यांत माणूस ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ असा बाजूला उभा राहतो आणि क्रियापद दुसऱ्याच गोष्टीप्रमाणे चालतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात ‘आहेत’ आलं ते भावांमुळे. स्पॅनिशमध्ये माणूस स्वतः कर्ता होतो : ‘तेंगो दोस एर्मानोस’ (‘तेंगो’ हे ‘तेनेर’चं ‘मी’साठीचं रूप). भाऊ दोन असोत की दहा, ‘तेंगो’ तसंच राहतं. मराठी विद्यार्थी हमखास चुकतो तो इथेच. भाऊ दोन, म्हणून तो अनेकवचनी ‘त्येनेन’ लावून मोकळा होतो.

तुम्ही दिलेल्या दोन्ही वाक्यांत मराठीतही ‘लागणे’च आहे, हे लक्षात आलं का? भूक लागली : ‘तेंगो आंब्रे’. जावं लागेल : ‘तेंगो के इर’. तहान (सेद), झोप (स्वेन्यो), भीती (म्येदो), घाई (प्रीसा), ताप (फ्येब्रे) ही सगळी ‘तेंगो’च्या पुढे तशीच बसतात. ‘तुझं बरोबर आहे’ हेसुद्धा ‘त्येनेस रासोन’. वयही याच क्रियापदाने सांगतात : ‘तेंगो बेइंते आन्योस’, म्हणजे मी वीस वर्षांचा आहे. ‘सोय (मी आहे) बेइंते आन्योस’ चूक. लिहिताना ‘आन्योस’मधल्या न-वरची नागमोडी रेघ विसरू नका. ती गेली की ‘वर्षं’ जाऊन ‘गुदद्वारं’ उरतात.

मात्र प्रत्येक ‘मला’चं ‘तेनेर’ होत नाही. ‘मला आवडतं’ म्हणजे ‘मे गुस्ता’ आणि ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणजे ‘मे द्वेले ला काबेसा’. तिथे स्पॅनिश आपल्यासारखीच वागते.

प्रश्न : ‘मुइ आंब्रे’ लिहिलं तर खोडलं. ‘मुइ’ म्हणजे ‘खूप’च ना? आणि थंडीसाठी नेमकं काय म्हणायचं?

उत्तर : आपलं ‘खूप’ कुठेही चालतं, ‘मुइ’ मात्र विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्याआधीच येतं. भूक हे नाम आहे, म्हणून ‘मूचो’ हवं, तेही लिंगाप्रमाणे : ‘मूचा आंब्रे’, ‘मूचा सेद’, ‘मूचा प्रीसा’, पण ‘मूचो फ्रीओ’, ‘मूचो स्वेन्यो’, ‘मूचो म्येदो’.

थंडीच्या बाबतीत मराठी माणसाचं काम सोपं आहे. मला थंडी वाजते : ‘तेंगो फ्रीओ’. बाहेर थंडी आहे : ‘आसे फ्रीओ’. पाणी थंड आहे : ‘एल आग्वा एस्ता फ्रीआ’. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळी क्रियापदं. उकडतंय म्हणायला ‘तेंगो कालोर’च म्हणा. ‘एस्तोय काल्येंते’चा अर्थ कामुक होतो.

प्रश्न : रूपं लक्षात राहत नाहीत. काही युक्ती?

उत्तर : वर्तमानकाळ : तेंगो (मी), त्येनेस (तू), त्येने (तो/ती), तेनेमोस (आम्ही), तेनेइस (तुम्ही सगळे), त्येनेन (ते). आघात (उच्चारातला जोर) धातूवर पडला की ‘ते’चं ‘त्ये’ होतं. ‘तेनेमोस’ आणि ‘तेनेइस’ यांत तो पुढे सरकतो, म्हणून ‘ते’ शाबूत राहतो. ‘तेंगो’ एकटं वेगळं, पण तेच सर्वांत उपयोगी, कारण ‘तेंगा, तेंगास, तेंगामोस’ ही संभावनार्थी (इच्छा, शक्यता दाखवणारी) रूपं त्यावरूनच बनतात. भविष्यकाळात ‘ए’ गळतो आणि ‘द’ घुसतो : तेंद्रे, तेंद्रास. ‘तेनेइस’ स्पेनमध्ये लागतं. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी ‘त्येनेन’ म्हणतात. अर्जेंटिनात ‘त्येनेस’च्या जागी ‘तेनेस’ ऐकू येईल.

भूतकाळात धातूच बदलतो : तूबे, तुबिस्ते, तूबो, तुबिमोस, तुबिस्तेइस, तुब्येरोन. ‘तूबे’ आणि ‘तूबो’ यांत आघात पहिल्या अक्षरावर ठेवा. इतर क्रियापदांच्या सवयीने तो शेवटी जातो. ‘तूबो’ लिहिताना व्ही अक्षर वापरा, बी लिहिलंत तर त्याचा अर्थ ‘नळी’ होतो.

एवढं केलंत की ‘मान्तेनेर’ (राखणे), ‘ओब्तेनेर’ (मिळवणे), ‘देतेनेर’ (थांबवणे) ही आयतीच येतात : मान्तेंगो, ओब्तूबे, देतूबो.

प्रश्न : ‘तूबे’ आणि ‘तेनीआ’, दोन्हींचा अर्थ ‘होतं’च ना?

उत्तर : नाही. ‘तेनीआ’ हे ‘तेनेर’चं अपूर्ण भूतकाळातलं रूप. ‘तेनीआ के इर’ म्हणजे मला जायचं होतं. गेलो की नाही ते कळत नाही. ‘तूबे के इर’ म्हणजे जावं लागलं, आणि गेलो. तसंच ‘तेनीआ उन इखो’ म्हणजे मला मुलगा होता, तर ‘तूबे उन इखो’ म्हणजे मला मुलगा झाला. मराठीत ‘होता’ की ‘झाला’, ‘होतं’ की ‘लागलं’ हे आधी ठरवा. भूतकाळातलं वय मात्र ‘तेनीआ’नेच सांगतात.

प्रश्न : ‘मी जेवलो आहे’साठी ‘तेंगो कोमीदो’ चालेल?

उत्तर : नाही. ‘ए कोमीदो’. पूर्णकाळासाठी ‘आबेर’ हे वेगळं सहायक क्रियापद आहे.