अळीला सवय झाली की अळीची निवड झाली?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. घरची सहा एकर कोरडवाहू, त्यात चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मुलगी अकरावी विज्ञानाला, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतलेली. ते लिहितात : "सगळे म्हणतात नीटची परीक्षा द्या, डॉक्टर करा. ही म्हणते मला उत्क्रांती शिकायची आहे. माकडाचा माणूस कसा झाला हे शिकून पोट भरते का? परवा मी म्हटलं, अळीला बीटीची सवय झाली. तर म्हणे, बाबा, सवय नाही, निवड झाली. मला फरक समजला नाही. 2017 ला आमची निम्म्यावर बोंडं किडली होती. या विषयात पुढे काय आहे, तेवढं सांगा."

नमस्कार भाऊ,

तुमचा अळीचा प्रश्न मी आधी घेते. तो सुटला की पोटापाण्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सोपं जाईल.

तंबाखू पहिल्यांदा खाल्ली की चक्कर येते, महिनाभर खाल्ली की येत नाही. माणूस तोच, फरक त्याच्या अंगात पडला. ही झाली सवय. गुलाबी बोंडअळीचं असं झालेलं नाही. बीटीचं बोंड पोखरणारी अळी एक तर मरते, नाही तर जगते. थोडं थोडं विष खाऊन ती सरावत नाही.

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचा जनुक घातलेला असतो. त्यातून तयार होणारं विष अळीच्या आतड्यातल्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं, आतड्याच्या पेशी फुटतात आणि अळी मरते. पण लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी निपजते, की तिच्या त्या प्रथिनाची घडण जराशी वेगळी असते आणि विष तिथे नीट चिकटत नाही. हा फरक विषानं घडवलेला नाही. जनुकांची नक्कल होताना अधूनमधून चुका होतात, त्यातली ही एक चूक. बीटी नसताना अशा अळीला तिचा काहीच उपयोग नव्हता. 2002 मध्ये बीटी आली, काही वर्षांत शिवारंच्या शिवारं तिचीच झाली, आणि ही एरवी बिनकामाची चूक अळीचा जीव वाचवू लागली. बाकीच्या मेल्या, या उरल्या. गुलाबी अळीच्या पतंगाची मादी शंभराच्या वर अंडी घालते आणि एका हंगामात तिच्या कितीतरी पिढ्या होतात. गुजरातेत 2009-10 च्या सुमारास पहिल्या बीटीला दाद न देणाऱ्या गुलाबी अळ्या सापडल्या. तोवर, 2006 पासूनच, दोन जनुकांची बीटी बाजारात आली होती. तिचंही पुढे तेच झालं. 2017 साली तुमच्या रानात जे दिसलं, ते त्याचंच फळ होतं.

एकेक अळी बदलली नाही. शिवारातल्या अळ्यांमध्ये कोणत्या किती, हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलं. याला नैसर्गिक निवड म्हणतात. तुमचे आजोबा बियाण्यासाठी ज्वारीची टपोरी कणसं बाजूला काढून ठेवत असतील. तीही निवडच, फक्त निवडणारा माणूस होता. डार्विननं 1859 च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात माणसानं पाळलेल्या जनावरांपासून आणि लावलेल्या पिकांपासूनच केली, ती याच कारणासाठी. निसर्गात निवडणारा कोणी नसतो. कोण जगलं आणि कोणाची पिल्लं वाढली, एवढ्यावर ती होते. (आणि माकडाचं म्हणाल, तर आजच्या माकडाचा माणूस झालेला नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एक होते.)

आता मला तुमच्या बियाण्याच्या पाकिटाकडे यायचं आहे. बरीच वर्षं 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीची एक वेगळी पुडी येत असे. बांधाच्या कडेनं ती लावा, असं सांगितलेलं असे. बहुतेकांनी ती लावली नाही. मी कुणालाही दोष देत नाही. ज्या ओळीत अळी पडणार हे ठाऊक आहे, ती आपल्याच रानात का लावायची, हे कुणी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावलंच नाही.

कारण असं आहे. विषाला न जुमानण्याचा गुण अळीत बहुधा तेव्हाच पुरता उतरतो, जेव्हा तो आई आणि बाप दोघांकडून येतो. बिगर-बीटी ओळींत विषानं मरणाऱ्या साध्या अळ्या जगत राहतात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळतात, आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटी खाऊन मरतात. म्हणजे ती पुडी साध्या अळ्या राखून ठेवण्यासाठी होती. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी 1996 पासून अशी आश्रय-ओळ पाळली. पुढे 2006 पासून नपुंसक पतंग मोठ्या संख्येनं सोडले. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, विष तेच.

आपल्याकडे ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. अमेरिकन बोंडअळीला तूर आहे, हरभरा आहे. तिथे तिच्या साध्या अळ्या आपोआप शिल्लक राहतात. गुलाबीला तशी जागा नाही. त्यात आपण फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपूनही तीच कपाशी रानात उभी आणि त्याच विषाची चाळणी चालू. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकी विषाची, काही बिनविषाची असते, त्यामुळे अर्धवट तग धरणारी अळीही निभावून जाते. हे सगळं ओळखायला उत्क्रांती समजलेला माणूस लागतो. क्षयरोगाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, असं डॉक्टर सांगतात त्यामागेही हेच गणित आहे. त्यामुळे मुलगी पुढे नीटकडे वळली, तरी ही समज वाया जाणार नाही.

तिच्यापुढे मला दोन वाटा दिसतात. पहिली कृषीची. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची कृषी पदवी, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुम्हाला जवळ. मग कीटकशास्त्र किंवा वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथे याच अळीवर काम चालतं. या वाटेत पदवीनंतर कृषी खातं, बँका, बियाणं उद्योग असे दरवाजे उघडे राहतात. घरची ओढाताण असेल, तर ही वाट मला जास्त भरवशाची वाटते.

दुसरी वाट मूलभूत विज्ञानाची. पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी अभ्यासक्रम, त्यासाठी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा. पुढे बंगळूरु किंवा हैदराबादच्या संशोधन संस्थांत पीएच.डी. ही वाट लांब आहे आणि मी ते लपवणार नाही : पक्की नोकरी लागेपर्यंत मुलगी तिशीला टेकेल. मात्र पीएच.डी. करताना फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना 37 हजार मिळतात, म्हणजे त्या काळात घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. ‘हे असं का होतं’ या प्रश्नाच्या उत्तरावाचून जिला झोप येत नाही, तिनंच इकडे जावं.

एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवा. नीटची तयारी करणाऱ्या मुलांना गणित सोडायला सांगतात. तुमच्या मुलीनं सोडू नये. आयसरच्या परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचा वाटा सारखा असतो, आणि उत्क्रांतीचा पुढचा अभ्यास म्हणजे बराचसा संभाव्यता आणि आकडेमोड.

कोणती वाट, हे माझ्या पत्रावरून ठरवू नका. यंदा पऱ्हाटी दीड महिन्याची झाली की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पतंग मोजायचं काम तिच्याकडे द्या. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजतात. बोंडं लागल्यावर तिनं एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून, फोडून बघावीत, डोमकळ्याही (आत अळी असल्यानं न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं) मोजाव्यात. तारीख, सापळा, आकडा, सगळं वहीत उतरावं. चार महिन्यांनी ती वही उघडून दोघं बसा. तिला त्यातून अळी मारायचा उपाय सुचत असेल तर अकोला, आणि त्या आकड्यांनी तिला नवेच प्रश्न पडत असतील तर पुणे. वहीची झेरॉक्स मलाही पाठवा, मी वाट बघते.