गेमची फॅन साइट काढायची आहे. फुकटच्या होस्टिंगवर चालेल का, आणि लोक यावेत म्हणून डाउनलोड ठेवावेत का?

डाउनलोड ठेवू नका. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, नंतर सांगतो. याच एका मुद्द्यावर माझं आणि माझ्या आतेभावाचं २००७ पासून पटलेलं नाही, त्यामुळे आधी हे.

आमची साइट आयजीआयची होती, म्हणजे शत्रूच्या तळात एकट्यानं घुसायच्या 'प्रोजेक्ट आयजीआय' या कॉम्प्युटर गेमची. २००४ साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसून काढलेली. तासाला २० रुपये. ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत आहे, त्या गेममध्ये मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही. १४ मिशन, आणि अगदी शेवटच्या गेटपाशी गोळी लागली तरी परत पहिल्यापासून. घरी पीसी असणाऱ्याचा फक्त वेळ जायचा, आमचे पैसे जायचे. एकदा अलार्म वाजला की बराकीतनं गार्ड धावत येणार, म्हणजे गेलाच तो तास. म्हणून मी नकाशे काढायला लागलो.

मी तेव्हा सिव्हिल डिप्लोमाला होतो, ड्रॉइंगला हात बरा होता. गेममधल्या सॅटेलाइट नकाशावरून ग्राफ पेपरवर इमारती बसवायच्या. कॅमेरे तांबड्या शाईनं, गार्डच्या फेऱ्या निळ्या शाईनं. अलार्मचं बटण कुठं, शिडी कुठं, कुठल्या भिंतीआड किती वेळ थांबायचं, सगळं शेजारी बारीक अक्षरात. पहिल्या मिशनला, ट्रेनयार्डलाच, तीन दिवस गेले. कॅफेतली पोरं झेरॉक्स मागायला लागली. तेव्हा दादा, म्हणजे आतेभाऊ, म्हणाला, "झेरॉक्स काय वाटालास, नेटवर टाकूया की."

आता मराठीची अडचण. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला भारतीय भाषांचा सपोर्ट वेगळा चालू करावा लागायचा, त्याला विंडोजची सीडी लागायची, आणि कुठला कॅफेवाला गिऱ्हाइकाला सीडी काढून देणार? आम्ही टाइप केलेलं समोरच्याला चौकोन चौकोन दिसायचं. म्हणून मराठी सगळी नकाशावरच, माझ्या हातानं लिहिलेली. डीटीपीवाल्याकडे स्कॅन करायचं आणि चित्र म्हणून चढवायचं. पानावरचा बाकी मजकूर इंग्रजी लिपीतली मराठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिनंच घात केला.

साइट चालली. गडहिंग्लज, सांगली, कराड, मग पार नाशिकहून मेल यायला लागले. कुणी लिहायचं, तुमच्या नकाशात डावीकडचा एक कॅमेरा राहिलाय. मी तपासायचो, खरंच राहिलेला असायचा, मग नकाशा परत काढायचो. इचलकरंजीच्या एका कॅफेवाल्यानं आमचे नकाशे लॅमिनेट करून प्रत्येक पीसीशेजारी टांगलेत असं कळलं. मी एसटीनं जाऊन बघून आलो. दोन शाळकरी पोरं माझ्या निळ्या रेषेवर बोट ठेवून खेळत होती. मी कोण ते सांगितलं नाही, मागं उभा राहिलो अर्धा तास.

२००६ मध्ये दादानं क्रॅक (विकत न घेता गेम चालवायच्या फाइली) आणि ट्रेनर (गेममध्ये लबाडी करायचे प्रोग्रॅम) यांच्या झिप फाइली चढवल्या. पानावरचा, किती जण आले ते मोजणारा काउंटर पळायला लागला. दादा रोज रात्री आकडा सांगायचा. मला तेव्हाही ते पटत नव्हतं, पण मोठ्या भावापुढं बोललो नाही. ते बोलायला हवं होतं. २००७ मध्ये होस्टिंगवाल्यांची नोटीस आली, चोरीच्या फाइली आहेत म्हणून. साइट आठ दिवस बंद. मी बसून एकूण एक झिप काढून टाकली. काउंटर खाली आला, आणि तेव्हापासून घरात कुठलंही लग्न असो, बारसं असो, दादा पंगतीत चारचौघांत म्हणतो, "चांगली चाललेली साइट यानं मारली."

दादा हे वाचणार आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. क्रॅक न्यायला आलेल्यांपैकी एकानंही कधी एक ओळ लिहिली नाही. ती गर्दी आपली नव्हतीच. कॅमेरा राहिलाय म्हणून सांगणारी पोरं झिप काढल्यावरही येत होती.

साइट मेली ती वेगळ्या कारणानं. आमच्यापैकी कुणाकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून डोमेन, म्हणजे साइटचं डॉट कॉम नाव, घेतलं दादाच्या पुण्यातल्या रूम पार्टनरच्या कार्डवर, त्याच्याच नावानं, त्याच्या ऑफिसच्या मेलवर. त्यानं नोकरी बदलली. नूतनीकरणाचे मेल त्या बंद पत्त्यावर जात राहिले. डॉट कॉमची मुदत संपली तरी लगेच हातचं जात नाही, आधी काही दिवसांची सवलत असते, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. आम्हाला कळलं तेव्हा तेही उलटून गेलं होतं आणि तिथं भलत्याच जाहिराती लागल्या होत्या. नकाशे ठेवले होते एका फुकटच्या चित्र साठवायच्या साइटवर. बरेच दिवस लॉगिन नाही म्हणून त्यांनी खातं पुसलं. जुन्या साइटींच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर आमची पानं आजही निघतात, पण चित्रं दुसरीकडे होती, त्यामुळे नकाशांच्या जागी रिकाम्या चौकटी. आणि मराठी सगळी चित्रांत होती.

तर तुमचं उत्तर. फुकटच्या होस्टिंगवर चालेल, पण डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मेलवर घ्या. सगळ्या फाइलींची एक प्रत घरच्या डिस्कवर हवीच. फुकटात साइट ठेवू देणारं जिओसिटीज याहूनं विकत घेतलं आणि १० वर्षांत, २६ ऑक्टोबर २००९ ला, बंद केलं, गूगलनं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. तुमचा होस्ट त्यांच्याहून मोठा नाही. आणि मजकूर टाइप करा, चित्रात कोंडू नका.

एक गोष्ट दादाच्या बाजूनंही मान्य करतो. २००५ ला बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, पीसी घरोघरी गेले, पुढं यूट्यूबवर अख्खं मिशन बघायला मिळायला लागलं. डोमेन राहिलं असतं तरी गर्दी आटलीच असती. पण नकाशे राहिले असते.

१४ पैकी ९ मूळ कागद आईच्या ट्रंकेत सापडले, ते परत स्कॅन करतोय. बॉर्डर क्रॉसिंग या मिशनचा कुठंच मिळत नाही. कुणाकडे लॅमिनेट केलेली प्रत असेल तर फोटो पाठवा. खालच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या शाईत "इथं पळू नका, चाला" असं लिहिलंय.